इमारतीआधीची इमारत

इमारतीच्या मंजूर नकाशात परांची नसते. खांब कोठे येणार, तुळईत किती सळ्या पडणार, जिन्याच्या पायरीची उंची किती असावी, या सर्वांची आकृत्यांसह नोंद वास्तुशिल्पज्ञाच्या आणि अभियंत्याच्या दप्तरात असते. तिच्यावर सह्या असतात, तारखा असतात, नगरपालिकेचा शिक्का असतो. परंतु बांबूंच्या अथवा लोखंडी नळ्यांच्या ज्या सांगाड्यावर उभे राहून गवंडी बाहेरची भिंत रचतो, गिलावा करतो, आणि रंगारी त्या भिंतीला रंग देतो, जो सांगाडा पुष्कळदा कित्येक महिने ऊन, पाऊस आणि वारा सोसत उभा असतो, त्याचा कागद बहुतेक ठिकाणी कोणीच काढलेला नसतो. तो बांधणाऱ्याचे नाव कोठे लिहिलेले नसते, त्याच्यावर किती भार घालावा हे कोणी ठरवलेले नसते, आणि काम आटोपले की तो उतरवून पुढच्या कामावर नेला जात असल्यामुळे त्याची आठवणही मागे उरत नाही. महाराष्ट्रात याला परांची म्हणतात, मुंबईच्या कामांवर पुष्कळदा पहाड म्हणतात.

परांची कोसळून किंवा परांचीवरून पडून मजूर मृत्युमुखी पडल्याची बातमी आपल्या वृत्तपत्रवाचकाला अपरिचित नाही. ती चार-सहा ओळींची असते आणि तीत बहुधा ‘तोल गेल्यामुळे’ असे शब्द असतात. त्या शब्दांनी सबंध दोष मेलेल्या माणसाच्या पदरात पडतो आणि चौकशी तेथेच थांबते. वस्तुतः तोल जाणे हा मनुष्यदेहाचा स्वभाव आहे. आठ तास उन्हात उभ्या असलेल्या, सकाळी अर्धपोटी कामावर आलेल्या, वाकून घमेले उचलणाऱ्या माणसाचा तोल दिवसातून कित्येकदा जाणारच. तो गेला तरी माणूस जाऊ नये एवढ्याचसाठी कठडा लावायचा असतो. कठडा तेथे का नव्हता, पायाखाली तीन फळ्यांऐवजी एकच का होती, सांगाडा भिंतीला कोणी आणि कशाने बांधला होता, हे प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. माझ्या मते या सर्व अनास्थेचे मूळ एकाच समजुतीत आहे. परांची थोड्या दिवसांची म्हणून तिचा विचार थोडा, आणि तिच्यावर चढणारा मजूरही थोड्या दिवसांचा म्हणून त्याच्या शिक्षणाचा विचारही थोडा. या दोन उपेक्षा एकमेकींना धरून चालतात, आणि एक दूर केल्यावाचून दुसरी दूर होत नाही.

लोखंडी परांचीची नळी बाहेरून सुमारे ४८ मिलिमीटर व्यासाची असते. अशा उभ्या नळ्यांतून सगळा भार जमिनीकडे जातो. त्यांना ठरावीक अंतरावर आडव्या नळ्या क्लॅम्पने जखडलेल्या असतात, कर्णाच्या दिशेने तिरप्या नळ्या, म्हणजे कैच्या, घातलेल्या असतात, आणि सबंध सांगाडा जागोजागी इमारतीच्या पक्क्या भागाला बांधलेला असतो. या बंधनांना कामावरचे लोक टाय म्हणतात. पाहणाऱ्याला वाटते की भार उभ्या नळ्या वाहतात, तेव्हा बाकीच्या केवळ जोडकामापुरत्या असाव्यात. आणि येथेच घात होतो. बारीक व लांब खांब चिरडून मोडत नाही, तो मध्येच वाकतो आणि मग मोडतो. केव्हा वाकेल हे त्याची किती लांबी आधारावाचून राहिली आहे यावर ठरते. ऑयलर या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात दाखवून दिले की, आधारावाचून राहिलेली लांबी दुप्पट झाली की वाकण्यापूर्वी भार सोसण्याची खांबाची शक्ती निम्म्यावर न थांबता चौथाईवर येते. खिडकीची चौकट आत घेताना एखादी आडवी नळी आड येते म्हणून कोणी तासाभरापुरती ती सोडवली आणि परत बसवायला विसरला, तर त्या जागचा खांब मूळच्या बळाच्या चौथाईएवढ्याच बळावर उभा असू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीही फरक दिसत नाही. वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या गवंड्याला तर तो दिसण्याचा संभवच नसतो.

टायांची कथा याहून चिंताजनक आहे. परांची इमारतीला बांधलेली असते म्हणून ती बाहेरच्या बाजूला कलंडत नाही. परंतु गिलावा करताना हाच टाय भिंतीतून बाहेर आलेला असल्यामुळे आड येतो, आणि सफाईदार काम करण्याच्या घाईत तो काढला जातो. शेजारी दुसरा टाय घालून मगच पहिला काढावा, हा नियम सोपा आहे, पण तो ज्याला कोणी सांगितलेला नाही त्याने तो पाळावा अशी अपेक्षा कशी करणार? त्यात धूळ बाहेर जाऊ नये म्हणून सबंध परांचीला हिरवी जाळी गुंडाळलेली असते. जाळी लावली की वाऱ्याच्या दृष्टीने तो सांगाडा पोकळ राहत नाही. गलबताच्या शिडासारखा तो वारा धरतो, आणि त्या मानाने टाय अधिक व जवळजवळ लागतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलल्यावर वळवाचा वारा किती अकस्मात सुटतो हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगावयास नको. त्या वेळी कामावर नियम एकच असावा: आभाळ भरून आले की परांची रिकामी करायची, आणि वारा पडल्यावर तपासणी झाल्याखेरीज कोणीही वर चढायचे नाही.

बांबूची परांची म्हणजे मागासलेली आणि लोखंडी म्हणजे सुरक्षित, असा सोपा निवाडा मात्र करता येत नाही. हाँगकाँगमध्ये गगनचुंबी इमारतींना पिढ्यानपिढ्या बांबूच्याच परांच्या बांधल्या गेल्या, आणि तेथे ते काम शिक्षण घेऊन, प्रमाणपत्र मिळवून करावयाचा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याही शहरात सरकारने २०२५ सालच्या मार्चमध्ये नव्या सार्वजनिक इमारतींच्या कामांपैकी निदान निम्म्या कामांवर धातूची परांची वापरावी असे ठरवले. आपल्याकडचा बांबू हा बऱ्याचदा अनेक कामांवर वापरून चिरलेला, कोवळा तोडलेला किंवा किडलेला असतो. काथ्याच्या दोरीचे बंध पावसात भिजतात, उन्हात सुकतात आणि काही महिन्यांनी सैल पडतात. बुडखा भरावाच्या मातीत नुसता टेकवलेला असतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती माती खचते. लोखंडी नळीलाही हाच न्याय लागू आहे. तिच्या बुडाशी लोखंडी पट्टी आणि त्या पट्टीखाली रुंद फळी नसेल तर भाराने नळी जमिनीत घुसते, मग एक खांब खचतो आणि त्याचा भार शेजारच्यावर जातो.

परांचीचे बळ ती ज्याला बांधली आहे त्याच्या बळाहून अधिक असू शकत नाही. हे जगाला ज्या दिवशी फार मोठी किंमत देऊन कळले तो दिवस म्हणजे २७ एप्रिल १९७८. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड येथे एका वीजकेंद्रासाठी शीतकरणाचा प्रचंड मनोरा उभारला जात होता. जमिनीपासून वर येणारी परांची तेथे नव्हती. आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटच्या वलयालाच परांची व साचे जखडायचे, त्यावर उभे राहून पुढचे वलय ओतायचे, आणि दुसऱ्या दिवशी सगळे एक पायरी वर सरकवायचे, अशी ती पद्धत होती. काँक्रीट घट्ट होण्याला जसा वेळ लागतो तशी ऊबही लागते, आणि त्या आठवड्यातल्या रात्री थंड होत्या. त्या सकाळी सुमारे ५० मीटर उंचीवर काम सुरू झाले, काँक्रीटचे डोल वर ओढले जाऊ लागले, तेव्हा आदल्या दिवशीच्या वलयाला तो ताण सोसवला नाही. ते आतल्या बाजूला ढासळू लागले आणि मनोऱ्याच्या परिघाने फिरत सबंध परांची खाली आली. तिच्यावरचे ५१ कामगार त्या दिवशी मरण पावले, त्यांत एकाच कुटुंबातील अनेकजण होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने केलेल्या चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा की, काँक्रीटला पुरेसे बळ येण्याआधीच त्यावर भार घालण्यात आला होता. पुढे २४ नोव्हेंबर २०१६ रोजी चीनच्या जिआंगशी प्रांतात फंगचंग येथे अशाच शीतकरण मनोऱ्यावर, काँक्रीट पुरेसे पक्के होण्याआधी साचे काढल्यामुळे कामाचा मंच कोसळला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. दोन घटनांमध्ये ३८ वर्षांचे अंतर आहे. पहिल्या चौकशीचा अहवाल एवढ्या काळात कोणालाही वाचायला मोकळा होता; परंतु छापलेला अहवाल मनोऱ्यावर चढणाऱ्या माणसापर्यंत आणि त्याला ‘आज काम थांबू दे’ असे सांगू शकणाऱ्या माणसापर्यंत आपोआप पोचत नाही.

परांचीवर भार किती घालावा, हे ठरवणारा हिशेब फार अवघड नाही. बांधणी व गिलाव्याच्या सर्वसाधारण कामासाठीच्या परांचीच्या मंचावर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, असे युरोपातील प्रमाण आहे. मंच एक मीटर रुंद आणि दोन खांबांमधले अंतर दोन मीटर धरले, तर त्या एका गाळ्यावर ४०० किलो झाले. एक वीट सुमारे ३ किलोची. तेव्हा शंभर विटांची एक थप्पी, दोन माणसे आणि ओल्या मालाची दोन घमेली एवढ्यानेच ती मर्यादा ओलांडली जाते. बिगाऱ्याला वारंवार खेप घालावी लागू नये म्हणून सकाळीच सगळ्या विटा एका ठिकाणी रचून ठेवण्याची रीत सर्वत्र आहे, आणि तीत आळस नसून श्रम वाचवण्याचा शहाणपणाच आहे. परंतु मर्यादा सांगणारी पाटी परांचीवर नसेल, तर त्या शहाणपणातूनच अपघात घडतो.

आता सुरक्षापट्ट्याविषयी. अलीकडे मोठ्या कामांवर प्रत्येक मजुराच्या अंगावर पट्टा दिसतो, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पट्टा दिला की कर्तव्य संपले, अशी समजूत त्याच्याबरोबर बळावली आहे. मनुष्य दहा मीटरवरून पडला तर दीड सेकंदाच्या आत तो ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो. तो वेग येण्याआधीच त्याला अडवणे हे पट्ट्याचे काम. त्यासाठी पट्टा नुसता कमरेचा असून चालत नाही. खांदे, छाती आणि मांड्या यांवर धक्का वाटला जाईल असा तो सर्वांगाचा हवा, आणि त्याची कडी पक्क्या ठिकाणी अडकवलेली हवी. पट्ट्याची दोरी सुमारे दोन मीटर, धक्का शोषताना उलगडणारा भाग पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर, आणि वर सुरक्षित अंतर एक मीटर, असे धरले तर कडी अडकवलेल्या जागेपासून खाली सहा मीटरहून अधिक मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या उंचीवर हा पट्टा त्या माणसाला जमिनीपासून वाचवू शकेलच असे नाही. तेथे कठडाच हवा. शिवाय पट्ट्यात निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाचे रक्त पायांकडे साकळते आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपण्याचा धोका असतो, म्हणून त्याला काही मिनिटांत खाली कोण आणि कसे उतरवणार, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. जेथे कठडा, पुरेशा फळ्या आणि पायपट्टी आहे तेथे सगळ्या माणसांचे एकदमच रक्षण होते आणि कोणालाही काही आठवावे लागत नाही. पट्टा प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, आठवून अडकवावा लागतो.

कायद्याच्या बाजूने आपण अगदीच रिक्त नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्रीय अधिनियम झाला, आणि त्यातील ४० व्या कलमात सुरक्षेच्या नियमांसाठी जे विषय सांगितले आहेत त्यांत पहिलाच विषय कामाच्या जागेपर्यंतचा सुरक्षित मार्ग आणि पुरेशी परांची हा आहे. १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांची जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली बांधावी, तिची तपासणी व्हावी अशा तरतुदी आहेत. परांची व शिड्यांसाठी ३६९६ क्रमांकाचे भारतीय मानक आहे. २०२० साली संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत १९९६ च्या अधिनियमाचा अंतर्भाव झाला आहे. तथापि तो अधिनियम १० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेसाठी होता. जुन्या इमारतीला रंग देणारा, सज्जे दुरुस्त करणारा छोटा कंत्राटदार सहा-सात माणसांनिशी काम करतो, आणि सकाळी नाक्यावर उभा राहून त्या दिवसापुरता त्याच्याबरोबर गेलेला मजूर कोणत्याच मस्टरवर नसतो. कायद्याची नजर मोठ्या कामांवर असते. लहान कामे तिच्या खालून निसटतात.

म्हणून शिक्षणाचा प्रश्न येतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या कामावर नांदेड-लातूरचा माणूस असतो, कलबुर्गी-यादगीरचा कन्नड बोलणारा असतो, मालदा-मुर्शिदाबादचा बंगाली असतो, बिहार-झारखंडचा असतो. या सर्वांना सकाळच्या हजेरीच्या वेळी रांगेत उभे करून दहा मिनिटे हिंदीत सूचना वाचून दाखवणे आणि शेवटी अंगठा किंवा सही घेणे याला पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षण म्हणतात. सहीमुळे कागद पुरा होतो. माणसाच्या हाताला त्यातून काही मिळत नाही. खरे शिक्षण ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की ते जमिनीपासून हातभर उंचीवर होते. दोन गाळ्यांची लहान परांची उभी करायची, तिच्यातल्या कैच्या काढून मजुराला ती हाताने हलवायला सांगायची, ती डोलते. मग एक कैची जखडायची आणि पुन्हा हलवायला सांगायची; ती हलत नाही. एकदा हे हाताला कळले की तो माणूस आयुष्यात पुन्हा कैची काढताना विचार करील, मग त्याची भाषा कोणतीही असो. त्यानंतर त्याच परांचीत मुद्दाम पाच-सहा दोष ठेवावेत, अपुरी फळी, सैल क्लॅम्प, बुडाखाली नसलेली पट्टी, आणि त्याच्याकडूनच ते शोधून घ्यावेत. क्लॅम्पची चक्की किती आवळायची यालाही माप आहे, ५० न्यूटन-मीटर. माप दाखवणाऱ्या पान्याने ते एकदा मनगटाला शिकवता येते. कमी आवळली तर नळी सरकते, फार आवळली तर क्लॅम्पच दुखावतो.

शिवाय शिकवायचे एकालाच नाही. परांची बांधणारा, तिच्यावर काम करणारा, तिची तपासणी करणारा आणि काम पुढे रेटण्याचा अधिकार असलेला मुकादम किंवा अभियंता, या चौघांचे धडे निरनिराळे आहेत. बांधणाऱ्याने क्रम शिकावा, विशेषतः उतरवण्याचा, कारण उतरवताना टाय वरून खाली क्रमाने सुटले नाहीत तर अर्धी राहिलेली परांची मोकळीच उभी असते. काम करणाऱ्याने ओळखावे की काय दिसले असता वर चढायचे नाही. मुकादमाने शिकावे की ‘नाही’ म्हणणाऱ्या मजुराचा रोज कापायचा नाही. हा धडा चौघांच्या धड्यांत सर्वांत कठीण, आणि तो वर्गात फारसा कोणी देत नाही. ब्रिटनमध्ये परांची बांधणाऱ्यांच्या नोंदणीची स्वतंत्र पद्धती आहे. उमेदवार, कारागीर आणि प्रगत कारागीर अशा पायऱ्या तीत असून प्रत्येक पायरीमध्ये वर्गातील शिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचा काळ दोन्ही लागतात. दोन मीटर किंवा त्याहून अधिक पडण्याचा धोका असलेला मंच दर सात दिवसांनी, आणि वादळी हवेनंतर पुन्हा, तपासावा असा तेथे कायदा आहे, आणि तपासणीची तारीख शिडीच्या तोंडाशी टांगलेल्या पाटीवर लिहिण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही परांची बांधणाऱ्याच्या कौशल्याची मानके ठरली आहेत आणि काही मोठ्या बांधकाम संस्थांनी त्याचे वर्ग काढले आहेत. उणीव आहे ती या वर्गांची दारे नाक्यावरच्या माणसापर्यंत उघडण्याची. तो एक दिवस शिकायला गेला तर त्या दिवसाची रोजंदारी बुडते, आणि चूल त्याच रोजावर चालते. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर महाराष्ट्रात याच कामगारांच्या कल्याणासाठी जमा होतो. देशभर या उपकराचे हजारो कोटी रुपये पडून राहिले आहेत, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कठोर शब्दांत नापसंती दर्शवली. शिकण्याच्या दिवसाची पूर्ण मजुरी त्या निधीतून द्यावी, यापेक्षा त्या पैशाचा रास्त विनियोग मला सुचत नाही.

या विचारात स्त्रिया वगळल्या जातात, याची मला विशेष खंत आहे. आपल्या बांधकामांवर डोक्यावर घमेले घेऊन उतरणीच्या फळ्यांवरून चढणारी बाई वर्षानुवर्षे बिगारीच राहते. परांचीवर ती दररोज चढते, परंतु परांचीचा वर्ग निघाला तर ती ‘कारागीर नाही’ म्हणून तिला बोलावले जात नाही. पायाखालची फळी सरकली तर ती पडेल, आणि दोन्ही हात घमेल्याला असल्यामुळे तिला काही धरताही येणार नाही.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद असतील, आणि दर काही वर्षांनी इमारतीच्या रंगकामासाठी निविदा मागवण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत असेल. त्या निविदेत परांचीचा खर्च बहुधा ‘दरात समाविष्ट’ असतो, किंवा बांधणाऱ्याला तो चौरस फुटाच्या दराने चुकता होतो. त्यामुळे जो कंत्राटदार फळ्या, कठडे आणि टाय यांत काटकसर करतो त्याचाच आकडा सर्वांत कमी येतो, आणि सर्वसाधारण सभा त्यालाच काम देते. परांची ही स्वतंत्र बाब म्हणून, मापासह आणि दरासह मागवली, तर ही स्पर्धा मजुराच्या जिवावर होणार नाही. ती कोण बांधणार, त्याने हे काम कोठे शिकले, दर आठवड्याची तपासणी कोणाच्या सहीने होणार, कामावरच्या प्रत्येक माणसाची बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात नोंदणी आणि विमा आहे की नाही, एवढे प्रश्न चिटणीसांनी करारापूर्वी लेखी विचारावेत आणि उत्तरे कराराला जोडावीत. पहिल्या देयकाबरोबर तपासणीच्या पाटीचे छायाचित्र मागावे, आणि ते मिळेपर्यंत रक्कम रोखून ठेवण्याचा अधिकार करारात लिहून घ्यावा.